अकरांतलं सातवं झाड : लँडस्केप व्यवस्थापन मायनर म्हणून शिकताना

इस्टेट विभागाकडून आलेलं पत्र तीन-चार ओळींचं होतं. मुख्य पायवाटेच्या पूर्वेकडची अकराही झाडं वाळत चालली आहेत, ती काढून त्याच जागी त्याच जातीची नवी लावायची आहेत, त्याआधी लँडस्केप व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी एकदा पाहणी करावी. मुदत सहा आठवडे. निर्णय झालाय, आता फक्त कागदाला कागद हवाय, असा एकूण सूर होता.

काम तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे गेलं. तिचा मुख्य विषय संख्याशास्त्र, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, लँडस्केप व्यवस्थापन. त्या मायनरचा क्षेत्रप्रकल्प मी बघतो, त्यामुळे या प्रकरणाचा मी साक्षीदार आहे आणि थोडाफार आरोपीही. आरोपी का, ते पुढे येईल.

झाडांची जात मुद्दाम सांगत नाही. जात कळली की वाचणारा त्या जातीचे रोग आठवायला लागतो आणि जमिनीकडे बघायचं राहून जातं. पहिल्या आठवड्यात तिचं नेमकं तेच झालं. पानांचे फोटो काढून ती रोगांच्या चित्रांशी जुळवत बसली होती, आणि चार वेगवेगळ्या रोगांशी ते छान जुळतही होते.

मायनर म्हणजे नेमकं किती

प्रकरणाकडे वळण्याआधी थोडं या विषयाबद्दल, कारण प्रवेश घेताना बहुतेकांच्या डोक्यात बागेची सुंदर चित्रं काढायची कल्पना असते. चित्र काढणं हे लँडस्केप आर्किटेक्टचं काम. त्यासाठी वेगळी पदवी लागते, अनेक देशांत परवानाही लागतो, आणि मायनरने तो मिळत नाही. काढलेलं चित्र जमिनीवर उतरल्यानंतर पुढची तीस-चाळीस वर्षं ते जिवंत कसं ठेवायचं, किती माणसांत, किती पाण्यात, किती पैशांत, हा आमचा विषय. पाच-सहा पेपर असतात : माती, वनस्पतींची ओळख, हिरवळीची निगा, वृक्षसंगोपन, सिंचन आणि निचरा, कामाचं नियोजन आणि अंदाजपत्रक. शेवटी एक क्षेत्रप्रकल्प. एवढ्यावर कुणी वृक्षतज्ज्ञ होत नाही. आंतरराष्ट्रीय वृक्षसंगोपन संघटनेचं प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेला बसण्याआधीच प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

पहिल्या तासाला मी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्ट सांगतो. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५७ मध्ये तिथे आला तो कामावर देखरेख करणारा अधीक्षक म्हणून. कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर त्याने केलेला आराखडा स्पर्धेत निवडला गेला तो १८५८ मध्ये. जगभर ज्याचे दाखले दिले जातात असा तो आराखडा. आणि १९७० च्या दशकात त्याच उद्यानातलं शीप मेडो नावाचं विस्तीर्ण कुरण तुडवून तुडवून धुळीचं मैदान झालेलं होतं. कुरण आराखड्यात होतं तिथेच होतं, निगा तेवढी थांबली होती. १९८० मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या पुढाकाराने संवर्धन संस्था उभी राहिली. पुढे उद्यानाचे ४९ भाग पाडून प्रत्येक भागाची जबाबदारी एकेका माळ्याकडे दिली गेली. त्या भागातला तुटका बाक, वाळकी फांदी, तुंबलेली जाळी, सगळ्याला तोच उत्तरदायी. हे सांगितल्यावर वर्गातले दोन-तीन जण विषय बदलून घेतात. जे उरतात ते चांगले निघतात.

मायनर घेणारे येतात कुठून? वाणिज्य, संगणक, भूगोल, जीवशास्त्र, कधी स्थापत्य अभियांत्रिकी. माझा अनुभव असा की मुख्य विषयाची हत्यारं जो शेतात, म्हणजे हिरवळीवर, घेऊन येतो त्याचं काम उठून दिसतं. पण हीच हत्यारं अंगलटही येतात, आणि या प्रकरणात तेही झालं.

पहिले दोन आठवडे

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हिरवळीचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात अकरा झाडं. बावीसच्या बावीस झाडं एकाच वर्षी लावलेली, एकाच जातीची, आज वय चौदा. पश्चिमेची रांग भरगच्च. पूर्वेकडे शेंडेमर : वरच्या फांद्या टोकाकडून वाळत खाली आलेल्या, पानं लहान, रंग फिका, पानगळ लवकर.

तिने आधी प्रत्येक झाडाला गुण दिले. जिवंत पर्णसंभार किती टक्के, एवढा एकच प्रश्न. पण एकट्याच्या नजरेवर विश्वास ठेवायचा नाही हे संख्याशास्त्रवाल्यांच्या रक्तातच असतं. तिने मला आणि माळ्यांच्या मुकादमांना वेगवेगळं उभं करून तेच गुण पुन्हा घेतले. मुकादमांचे आकडे सगळीकडे आमच्यापेक्षा कमी. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘तुम्ही आजचं झाड बघताय. मला ते आधी कसं होतं ते दिसतंय.’’

मग पाणी. इस्टेट विभागाचं मत होतं की पूर्वेला ऊन जास्त, म्हणून पाणी कमी पडतंय. तिने दोन्ही पट्ट्यांत बारा-बारा, असे चोवीस एकसारखे पेले मांडले आणि फवारे १५ मिनिटं चालवले. ही चाचणी कुणालाही करता येते, पट्टी आणि पेले एवढंच लागतं. पूर्वेच्या पेल्यांत सरासरी ७.५ मिमी पाणी, पश्चिमेच्या पेल्यांत ४.५. म्हणजे आजारी रांगेला पाणी कमी नव्हतं, निरोगी रांगेच्या दीडपटीहून जास्त होतं.

सर्वांत कमी भरलेल्या सहा पेल्यांची सरासरी ३.३ मिमी आली. एकूण सरासरी ६. या दोन सरासरींचं गुणोत्तर, म्हणजे वितरणाची समानता, ५५ टक्के. ७० च्या वर असेल तर समाधान मानावं, असं मी वर्गात सांगतो. ५५ चा अर्थ असा की पश्चिमेच्या एका कोपऱ्यात हिरवळ पिवळी पडते, ती हिरवी व्हावी म्हणून कुणीतरी वेळ वाढवतं आणि वाढलेलं पाणी जाऊन बसतं पूर्वेला. दोन्ही पट्टे एकाच झडपेवर होते. बदललेल्या फवाऱ्यांची तोंडं निरनिराळ्या मापांची होती. दिवसातून दोन वेळा १५ मिनिटं म्हणजे पूर्वेला रोज १५ मिमी, चौरस मीटरला १५ लिटर. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने, म्हणजे तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश घेऊन, तिने त्या आठवड्यातली हिरवळीची गरज काढली. ती ५ मिमीच्या आसपास होती.

तिप्पट पाणी! तिच्या हाती आलेख होता, सहसंबंध स्वच्छ होता, रेघ तिरपी खाली जात होती. पाणी जास्त तिथे झाड आजारी. फक्त एक ठिपका त्या रेघेपासून लांब होता. पूर्वेच्या रांगेतलं सातवं झाड. पाणी बाकीच्यांइतकंच, तरी डेरेदार. पत्रात ‘अकराही झाडं’ लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात दहाच वाळत होती, हे पत्र लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेलं नव्हतं. तिने तो ठिपका आउटलायर म्हणून वगळला, तळटीप दिली आणि अहवाल लिहिला : पाणी एक-तृतीयांशावर आणा, झाडं सावरतील. मी अहवाल वाचला, आलेख आवडला, ‘ठीक’ लिहून सही केली. आरोपी म्हटलं ते यासाठी.

मुकादमांचा प्रश्न

अहवालाची एक प्रत शिष्टाचार म्हणून मुकादमांकडे गेली होती. त्यांनी आलेखावरचे ठिपके बोटाने मोजले. ‘‘ताई, यात सातवं झाड नाही.’’

ती म्हणाली, ‘‘काका, ते वेगळं वागतंय म्हणून काढलंय.’’

‘‘वेगळं वागतंय ते ठीक आहे. पण का वागतंय?’’

ती दुपारी माझ्याकडे आली तेव्हा चेहरा पडलेला होता. मीही तोवर काय विसरलो ते ओळखलं होतं. दोन आठवडे आम्ही पानं मोजली, पाणी मोजलं, आणि जमिनीत एकदाही खुरपं घातलं नव्हतं. मातीचा पेपर शिकवणारा मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातव्या झाडापाशी आणि मग तिसऱ्यापाशी उभे राहिलो. एकदा बघायचं कळलं की न दिसणं अशक्य होतं. निरोगी झाडाचं खोड जमिनीला भिडताना रुंदावतं, मुळांचे दांडे पंजासारखे बाहेर पसरतात. सातव्याचा बुंधा तसा होता. तिसऱ्याचं खोड खांब रोवल्यासारखं सरळ जमिनीत गेलेलं. पहिलं, दुसरं, चौथं, सगळी तशीच. पश्चिमेच्या रांगेत मात्र अकराही बुंधे पसरट.

तिने सहा ठिकाणी खोडालगत हाताने उकरलं. मी कुदळ वापरू दिली नाही, खुरपं आणि ब्रश. १५ ते २२ सेंटीमीटर खाली गेल्यावर मूळचा बुंधा सापडला. साल ओलसर, काळवंडलेली, दोन झाडांना खोडाभोवती फास पडल्यासारखी मुळं गुंडाळलेली. वरचा थर म्हणजे विटांचे तुकडे आणि मुरूम मिसळलेली चिकण माती. त्याखालच्या मूळ मातीला राखाडी छटा आणि कुजका वास. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही जागच्या जागी असणं, तो तिथे कित्येक महिने आलेलाच नसावा. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक केशमुळं वरच्या ३०-४५ सेंटीमीटरच्या थरात असतात आणि त्यांना श्वास घ्यावा लागतो. त्यांच्या डोक्यावर वीतभर घट्ट माती आणि रोजचं तुंबलेलं पाणी. पानांवरचे चार रोग कुठून आले ते आता उलगडलं. मुळं गुदमरली की पान उपाशी दिसतं, आणि उपाशी पान कुठल्याही रोगाच्या फोटोशी जुळतं.

मातीची घनता तिने नळकांड्याने काढली. ५ सेंटीमीटर व्यास, ५ सेंटीमीटर उंची, म्हणजे घनफळ साधारण ९८ घनसेंटीमीटर. नमुना १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास सुकवून वजन करायचं. पूर्वेची कोरडी माती १५४ ग्रॅम, पश्चिमेची १२५. घनता अनुक्रमे १.५७ आणि १.२८. मातीच्या कणांची स्वतःची घनता २.६५ धरली जाते. त्यावरून पश्चिमेच्या मातीत ५२ टक्के पोकळी निघते, पूर्वेच्या मातीत ४१. अकरा टक्क्यांचा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण दबताना आधी मोठी छिद्रं मिटतात, आणि हवा खेळते ती मोठ्या छिद्रांतून. चिकण माती दीडच्या आसपास गेली की मुळांना वाट काढणं जड जातं. पाणी मुरण्याचा वेग तिने पत्र्याचं कडं ठोकून मोजला : पूर्वेला तासाला ४ मिमी. फवारे पाव तासात ७.५ मिमी ओतत होते. प्रत्येक पाळीनंतर दीड तासाहून जास्त पाणी डोळ्यांसमोर उभं राहत असणार. सकाळी सहाला आणि रात्री, म्हणून कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं एवढंच.

आता सातवं. त्याच्या शेजारी झडपेची विटांची चौकोनी चेंबर होती. तिचं झाकण बुजू नये म्हणून भोवतीची दोनेक मीटर जागा कुणीतरी मोकळी सोडली होती. बाकी सगळीकडे भराव टाकला, तिथे टाकला नाही. आलेखावर रेघेबाहेर पडलेला तो ठिपका म्हणजे न बुजवलेलं झाड होतं.

कधी आणि कुणी

भराव कधी पडला हे कुणाच्याच लेखी नव्हतं. मूळ आराखडा होता, पण प्रत्यक्ष काम झाल्यानंतरचा नकाशा नव्हता. तो कधी नसतोच. मुकादम म्हणाले पाच-सहा वर्षं झाली असतील, पाइपलाइनचा चर खणला तेव्हाची माती न्यायला गाडी आली नाही, म्हणून पसरून टाकली आणि वरून हिरवळ अंथरली. पण ‘पाच-सहा’वर तिचं समाधान होईना.

तिने झाडालाच विचारलं. फांदीवर दर वर्षीच्या शेंड्याच्या कळीची खूण वळ्यासारखी राहते. दोन वळ्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षीची वाढ. टोकाकडून मागे मोजत गेलं की वर्षं मिळतात. पूर्वेच्या दहा झाडांत शेवटची पाच अंतरं बोटभर होती, त्याआधीची वीतभर. पश्चिमेकडे आणि सातव्यात असा खंड नव्हता. मग भांडार विभागाच्या नोंदवहीत पाइपांची खरेदी शोधली. वर्ष जुळलं. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यांत आवडतो, कारण तो कुठल्याच पेपरात शिकवलेला नाही. वळी वृक्षसंगोपनातली, कालमालिका तिच्या मुख्य विषयातली, आणि भांडारात जाऊन जुनी वही मागायची चिकाटी तिची स्वतःची.

एक शंका उरली होती. चर खणताना मुळं तुटली, त्यामुळेच झाडं खचली नसतील कशावरून? मुळांच्या संरक्षित घेऱ्याचा ठोकताळा असा : छातीच्या उंचीला खोडाचा जेवढा व्यास, त्याच्या बारापट त्रिज्या. आज खोडं २५ सेंटीमीटरची आहेत, म्हणजे ३ मीटर. चर खोडांपासून दीड मीटरवरून गेलेला, तेव्हाची खोडं बारीक होती असं धरलं तरी घेऱ्याच्या आतूनच. मुळं तुटली यात वाद नाही. पण तोच चर सातव्या झाडाजवळूनही गेला होता. पाणीही त्याला तेवढंच. म्हणजे चर आणि पाणी ही दोन ओझी सातव्याने पेलली, तिसरं त्याच्यावर पडलं नाही. इथे तिने स्वतःच एक खुसपट काढलं : चेंबरचा तळ उघडा, खडीचा, त्यामुळे सातव्याला निचऱ्याचीही सवलत होती. एका झाडावरून निकाल देता येत नाही, संशय पक्का होतो इतकंच. ते वाक्य तिने अहवालात ठेवलं. मी काढायला सांगितलं असतं तर चूक झाली असती.

काय करायचं

समितीसमोर तीन पर्याय होते. पहिला इस्टेट विभागाचा : सगळी तोडा, तीच जात पुन्हा लावा. नवी रोपं त्याच मातीत, त्याच पाण्यात गेली असती. दुसरा पर्याय, एकही न तोडता सगळ्यांवर उपचार. तिची शिफारस मधली होती. तीन झाडांचा निम्म्याहून अधिक पर्णसंभार मेलेला, वाळक्या फांद्या थेट पायवाटेवर, ती तीन काढायची. सातांचे बुंधे मोकळे करायचे. सातव्याला हात लावायचा नाही. काढलेल्या तिघांच्या जागी तीन वेगळ्या जाती.

शेवटच्या मुद्द्यावर बैठक तापली. ‘‘रांग म्हणजे रांग. मध्ये वेगळं झाड म्हणजे दात पडल्यासारखं दिसेल.’’ खोटं नव्हतं ते. एकसारख्या रांगेला स्वतःचं सौंदर्य असतं आणि मूळ आराखडा करणाऱ्याने ते विचारपूर्वक मागितलं होतं. तिने अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये मांडलेला ठोकताळा पुढे केला : एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, २०, एका कुळाची ३०. अमेरिकेत एल्मच्या एकजात रांगा लावलेल्या होत्या, डच एल्म रोग आला आणि रस्तेच्या रस्ते ओकेबोके झाले, हे उदाहरण दिलं. पण हा ठोकताळा अख्ख्या शहराच्या झाडांसाठी आहे, एका पायवाटेसाठी नव्हे, असं कुणीतरी बरोबर सांगितलं. ती गप्प झाली. शेवटी रांगेत तीच जात आणि परिसरातल्या पुढच्या लागवडीत इतर जाती, असं ठरलं. मला ही तडजोड आजही पटते, तिला पटत नाही.

मुकादमांचा आक्षेप वेगळा आणि जास्त कामाचा होता. प्रत्येक झाडाभोवती खोल आळं केलं की पावसाचं सगळं पाणी त्यातच उतरणार, मग बुंधा मोकळा करून काय उपयोग? शिवाय गवत कापायचं यंत्र अकरा आळ्यांभोवती फिरवायचं कसं? यंत्राची धडक लागून साली निघतात, त्या जखमा ते वर्षानुवर्षं बघत आले होते. त्यांचा उपाय असा : वेगवेगळी आळी नकोच. झाडांच्या रेषेत तीन मीटर रुंदीचा सलग पट्टा मूळ पातळीपर्यंत उतरवा, त्याला निचऱ्याच्या गटाराकडे उतार द्या, हिरवळ काढून लाकडी भुशाचं आच्छादन टाका. यंत्र सरळ रेषेत येईल-जाईल. तिने कागदावर तेच आखलं आणि आराखड्याखाली त्यांचं नाव घातलं. आच्छादनाची जाडी ७ सेंटीमीटर ठरली, खोडाला टेकू द्यायचं नाही. खोडाभोवती आच्छादनाचा ढीग रचला तर आपणच पुन्हा बुंधा पुरतो.

माती काढायची ती दाबलेल्या हवेच्या झोताने, म्हणजे मुळं तुटत नाहीत. पण पाच वर्षं अंधारात राहिलेला बुंधा आणि वरच्या थरात फुटलेली नवी मुळं एकदम उघडी पाडणं हाही एक धक्काच. त्यामुळे उष्ण महिने टाळून दोन टप्पे : यंदा चार झाडं, पुढच्या हंगामात तीन.

कुठली चार आधी? इस्टेट विभागाला फाटकाजवळची हवी होती, कारण ती दिसतात. मला सगळ्यांत आजारी हवी होती. ती म्हणाली, ‘‘सर, चिठ्ठ्या टाकू. आपण निवडली तर पुढच्या वर्षी फरक उपचाराचा की निवडीचा, ते कधीच कळणार नाही. नाहीतरी तीन झाडं थांबणारच आहेत, तेवढा काळ तुलनेला वापरू.’’ उपचाराविना झाडं मुद्दाम ठेवायला मी परवानगी दिली नसती. पण इथे थांबणं तसंही होतंच, तिने त्या थांबण्याचा उपयोग करून घेतला. मुकादमांनी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या.

फवाऱ्यांचं काम मात्र लगेच झालं. दोन पट्ट्यांना वेगळ्या झडपा, एका मापाची तोंडं, आणि पाळी तोडून चार-चार मिनिटांच्या हप्त्यांत, मध्ये मुरायला वेळ. पुन्हा पेले मांडले तेव्हा समानता ७१ टक्के आली.

पुढच्या हंगामात

पहिल्या चारांपैकी तीन झाडांची नवी वाढ वीतभर झाली, एक होतं तसंच राहिलं. चिठ्ठीत मागे राहिलेल्या तिघांपैकी एकाची वाढ किंचित सुधारली, एक तसंच, एक मेलं. आकडे उपचाराच्या बाजूचे दिसतात. तिने लिहिलं : चार विरुद्ध तीन एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, पाणीही त्याच काळात सगळ्यांचंच बदललं आहे. मेलेलं झाड पहिल्या चिठ्ठीत निघालं असतं तर वाचलं असतं का, हे मी तिला एकदा विचारलं. तिने उत्तर दिलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

वर्गात हे प्रकरण घेताना मी पहिला अहवाल आधी वाचायला देतो, माझ्या सहीसकट, आणि सातव्या झाडाची तळटीप कुणाला खटकते का ते बघतो. बहुतेकांना खटकत नाही. आलेख खरंच सुंदर आहे.

तिने शेवटी इस्टेट विभागाला एक पानाचा तक्ता करून दिला होता : प्रत्येक झाडाचा क्रमांक, बुंध्याची पातळी, घेऱ्याची त्रिज्या, जवळून जाणारे पाइप, आणि एक रिकामा रकाना, ‘या घेऱ्यात काय केलं, कधी, कुणी’. तक्ता विभागाच्या संगणकात कुठे गेला कोण जाणे. मुकादमांनी मात्र त्याची प्रत अवजारांच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवली.

गेल्या महिन्यात पश्चिमेच्या रांगेजवळ केबलसाठी चर खणायला माणसं आली. मला फोन आला तेव्हा मागे यंत्राचा आवाज येत होता. मुकादम विचारत होते, ‘‘सर, घेऱ्याबाहेरून चर न्यायला लावलाय. पण ही माती टाकायची कुठे, ते लिहून द्यायला कुणी तयार नाही. गाडी थांबवून ठेवलीय. ताईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?’’